गाडीचं डोकं तपासायला सोलापूरला

मी सोलापूरला गेले ती वजन म्हणून. मान द्यायला कोणी नेलं नव्हतं.

आमचं गाव मोहोळपासून आत आहे. माझी सून सुनीता छोटी डिझेल गाडी चालवते. दिवाळीनंतर तिला एक काम मिळालं. सकाळी आसपासच्या दवाखान्यांतून तपासणीच्या रक्ताच्या बाटल्या गोळा करायच्या, बर्फाच्या दोन पेट्यांत भरायच्या आणि दहाच्या आत सोलापूरच्या प्रयोगशाळेत पोचवायच्या. त्याआधी गाडी मोहोळच्या बाजारापुरतीच निघायची, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता रोज उशीर व्हायला लागल्यावर आलं, की गाडीला ओढच नाही. पुढे उसाची ट्रॉली लागली की तिच्या मागे गोगलगायीसारखं जायचं. मोहोळच्या दोन मिस्त्रींनी गाडी उघडून पाहिली आणि दोष नाही म्हणून पुन्हा लावली. माझा मुलगा दत्ता म्हणाला, "गाडी बरोबर हाय, चालवणारी बघा." सुनीता त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग कुणीतरी सांगितलं, की हल्ली गाडीत कॉम्प्युटर असतो. इंजिनाला किती डिझेल द्यायचं हे तो ठरवतो. सोलापुरात एक माणूस त्यात काय लिहिलंय ते वाचतो आणि बदलूनही देतो. सुनीताने त्याला फोन केला. तो म्हणाला, "रिकामी गाडी आणू नका. रोजचं वजन आत पाहिजे. रिकामी गाडी खोटं बोलती."

पण पेट्या तर प्रयोगशाळेत उतरणार. तेवढं वजन परत आणायचं कुठून? सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी लुगडं बदललं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघालो. थंडी मरणाची होती. चार दवाखाने झाले, मोहोळ झालं, हमरस्ता लागला. ट्रकवाले डावीकडून उजवीकडून आम्हाला मागे टाकून जात होते. एकाने तर हात हलवून टाटा केला. मी सुनीताला म्हणाले, "अगं, दाब की जरा." ती म्हणाली, "आत्या, पाय पार तळाला टेकलाय. आता काय खाली पाय लावून पळू?"

प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पेट्या घेणारा माणूस सभ्य होता, ओरडला नाही. म्हणाला, "ताई, रक्त वाट बघत नाही. उद्या दहाच्या आत आलात तर ठीक. नाहीतर सोमवारपासून दुसरी गाडी लावतो." सुनीताने मान हलवली आणि बाहेर येऊन गाडीच्या चाकाला लाथ मारली. हे काम तिने स्वतः फिरून, चार डॉक्टरांना भेटून मिळवलं होतं.

पोटात काही नव्हतं. तळ्याच्या काठाला गाडी लावून आम्ही कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी) दह्यात चुरून, शेंगाचटणीशी खाल्ली. ही भाकरी महिनाभर टिकते. माणसाचे दात टिकत नाहीत, म्हणून दही.

तिथून शहराच्या पूर्वभागात गेलो. इथे तेलुगू बोलणारी विणकरांची वस्ती आहे. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खडखड चालू असते, शेजारचा माणूसही ओरडून बोलतो. आम्हाला हवा होता तो व्यंकटेश. पन्नाशीचा, कपाळाला गंध, गळ्यात चष्म्याची दोरी. त्याच्या वडिलांचे माग होते त्याच पत्र्याच्या शेडमध्ये आता तो गाड्या घेतो. दारात त्याची म्हातारी आई बसली होती. "कूर्चोंडी, अम्मा (बसा, आई)," म्हणाली आणि स्वतःची खुर्ची मला दिली. मी बसले. नको नको म्हणायचं वय गेलं.

व्यंकटेशने स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली, दुसरं टोक लॅपटॉपला लावलं. पडद्यावर आकड्यांच्या रांगा आल्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे कंपनीचं लिखाण न्हाय. मधे कुणीतरी हात घातलाय."

"कोण मेला?" मी विचारलं.

तो अजून थोडं खाली गेला. मग चष्मा काढून पुसला. "अम्मा, हात तर माझाच दिसतोय."

सुनीता उठून उभी राहिली. व्यंकटेशने कपाटातून शाळेची जाड वही काढली. त्याची एक पद्धत आहे. गाडीच्या डोक्यात काहीही बदलायचं असेल तर वहीत गाडीचा नंबर, काय बदललं आणि का बदललं, हे लिहून मालकाची सही घेतो. "का ते लिहून न्हाय घेतलं तर नंतर भांडणं माझ्या दारात येतात," तो म्हणाला. आमचा नंबर सापडला. त्याने वही सुनीतापुढे धरली, पण मधेच मी ओढून घेतली. मी चौथीपर्यंत शिकलेय, मला मराठी वाचता येतं. मी मोठ्याने वाचलं.

"ओढ कमी करणे. साठच्या वर वेग नको. कारण: बायको गाडी शिकते आहे. आई जीव खाते."

खाली आमच्या दत्ताची सही.

बाहेरचे माग खडखडत होते म्हणून बरं, नाहीतर फार शांत झालं असतं.

सुनीता हसायला लागली. रागाने माणूस हसतो तसं. व्यंकटेश वही मिटून म्हणाला, "सही त्यांची, गाडी त्यांच्या नावावर. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी काढणार न्हाय." मी फोन लावायला सांगितला. दत्ता होटगीला कामाला आहे.

"दत्ता, मी सोलापुरात हाय. वहीपुढं."

 तो म्हणाला, "आई, तूच तर रोज जेवताना म्हणायचीस, सून गाडी झाडावर चढवंल, तिला आवर घाल."

"व्हय, म्हणायचे. पण गाडीच्या नरड्याला गाठ मार म्हणाले का?"

सुनीताने फोन घेतला. "शिकत हुते तवा ठीक. लायसन आलं तवा गाठ सोडायला तुमचा हात कुणी धरला हुता?"

"इसरलो गं."

"इसरला न्हाय. भ्याला. आन् वर चालवणारी बघा म्हणता!"

व्यंकटेशची आई तेलुगूत काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, "गिऱ्हाईक चांगलं हाय म्हणते." फोनमधून दत्ता ओरडला, "काढा, काढा, हो म्हणतो मी!"

वहीत नवी ओळ लिहायला घेतल्यावर व्यंकटेशने विचारलं, "कंपनीपेक्षा जास्त ओढ पण देता येती. देऊ का?" सुनीताने विचारलं, त्याने काय होतं. त्याने लपवलं नाही. इंजिन जास्त तापतं, क्लच लवकर झिजतो, धूर वाढला तर पोलीस धरतात. ती म्हणाली, "कंपनीनं दिलंय तेवढंच द्या. माझं हुतं तेवढं परत पाहिजे."

मग त्याने बॅटरीला चार्जर जोडला. लिहून होईपर्यंत वीस मिनिटं गाडीला कुणी हात लावायचा नाही, मधेच काही तुटलं तर गाडी जागची हलणार नाही, असं बजावलं. माझी चंची (पानसुपारीची पिशवी) मागच्या सीटवर राहिली होती. दहा मिनिटांनी मी जाऊन दाराला हात घातला. व्यंकटेश एवढ्या जोरात ओरडला, की शेजारचा माग थांबला. त्याच्या आईने मला तिच्याकडचं पान दिलं. तिची सुपारी माझ्या सुपारीपेक्षा चांगली होती.

शेवटी वजनाची वेळ आली. मी मागे बसले, व्यंकटेश पुढे, आणि सुनीताने गाडी होटगी रस्त्याला घेतली. मोकळा रस्ता लागल्यावर तिने पाय दाबला. मी सीटला चिकटले. पुढे टेम्पो होता, तो मागे गेला. "हळू!" असं माझ्या तोंडून निघालंच. सुनीताने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

व्यंकटेशला शेडवर सोडून दोघी परतीला निघालो. मोहोळ जवळ आल्यावर मी म्हणाले, "दत्ताला मी टोचलं नसतं तर त्याने हे केलं नसतं." ती म्हणाली, "व्हय. पण आत्या, तुमी तोंडावर बोलायचा. तेवढं मला चालतं." मी गाडीबद्दल वर्षभर बोलले होते, त्या गाडीत एवढा वेळ पहिल्यांदाच बसले होते. माणसाने आधी बसावं, मग बोलावं. घरी दत्ताने मुकाट्याने जेवून स्वतःचं ताट घासलं. ते मी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

शनिवारी सुनीता नेहमीसारखी निघाली. मी अंगणात घड्याळ घेऊन बसले. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक रस्त्याने जात होत्या. साडेनऊला मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "दाब की गं!" शेजारीण कुंपणावरून बघायला लागली.

दहाला बारा मिनिटं कमी असताना फोन आला. "आत्या, पोचले. सोमवारी या म्हणाले."

"मग तितं काय करतीस?" मी म्हणाले. "ये घरी."