औषधाची विहीर

“कसं हाये?”

पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच मोठीमाय विचारायची. उत्तर एकच चालायचं, ‘गोड’. नुसतं ‘चांगलं आहे’ म्हणणाऱ्याकडे ती अशी बघायची की माणूस दुसरा घोट घेऊन आपलं म्हणणं दुरुस्त करायचा. समुद्रपूरला नवीनच आलेला एक तलाठी एकदा ‘जरा जड वाटतं’ म्हणाला होता. त्याला तिने पुढेही पाणी दिलं, पण तोंड फिरवून.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली मोठीमायच्या गावच्या प्राथमिक शाळेत झाली. समुद्रपूर तालुक्यातलं गाव. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून आत चालत जायचं. वाटेवरचं पहिलं घर मोठीमायचं आणि घरासमोर तिची विहीर. तिच्या नवऱ्याने स्वतः खोदलेली. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली दगड. दगडातून झरा लागला तेव्हा नवरा तिथेच खाली बसून रडला होता म्हणे. हे सांगताना ती हसायची. “मानूस पानी पाहून रडते का? पन माहावाला रडला.” नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मुलगा आणि सून निर्मला.

मोठीमाय हे काही तिचं नाव नव्हे. दिराच्या मुलांची ती मोठीमाय, मग साऱ्या गावाची झाली. उंच, काटक बाई. आवाज असा की शाळेत पाढे चालू असताना तिचा विहिरीवरचा आरडाओरडा आमच्या पाढ्यांत मिसळायचा. दोराला ती कुणालाच हात लावू द्यायची नाही. पाणी काढणार ती, वाढणार ती. त्यामुळे कोण कोणत्या जातीचं हा प्रश्न त्या विहिरीवर कधी उपटला नाही. तिच्या लेखी सगळे सारखेच परके.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुणाला आपल्या आंब्याचा गर्व असतो, कुणाला लोणच्याचा. हिला पाण्याचा होता. मला शाळेला उशीर होत असायचा आणि ही तांब्या घेऊन वाट अडवून उभी. “बाई, लेकरं काई पळून नाई चालले. पेऊन जा.”

दोनतीन वर्षांनी नाल्याच्या वरच्या अंगाला, पडीत जमिनीवर एक कारखाना उभा राहिला. औषधाचा. हिवतापाच्या गोळीत घालायची भुकटी तिथे बनायची आणि ट्रकमधून बाहेर जायची. गावातल्या पोरांना काम मिळालं, मोठीमायच्या मुलालाही. तो खाकी कपडे घालून सायकलवरून निघाला की ती दारातून बघत राहायची. कारखान्याचं पाणी नाल्यात सुटायचं. नाला पिवळट व्हायचा, कधी फेसाळायचा. तो तिच्या विहिरीच्या अगदी मागून जात होता, पण तेव्हा त्याचा कुणी विचार केला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात विहिरीच्या पाण्याला चव आली. मी घोट घेतला आणि चव ओळखीची वाटली. त्या काळी मलेरियाचा माणूस घरोघर फिरून पिवळी गोळी द्यायचा. ती जिभेवर विरघळली की दिवसभर जायची नाही अशी कडू. हे तसंच होतं.

“कसं हाये?”

“मोठीमाय, कडू लागतंय गं.”

“तुमी मेथी खाल्ली असन.”

दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याने तंबाखू खाल्लेली असायची, तिसऱ्याला ताप आलेला असायचा. साऱ्या गावाची जीभ बिघडली होती, शाबूत होती ती फक्त तिची. पण घरातला चहा कडू झाला, वरण कडू झालं, तेव्हा ती गप्प झाली. दोन आठवडे तिने वाटेवर कुणाला अडवलं नाही. मला तर बरंच वाटलं, शाळेत वेळेवर पोचायला लागले.

मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की कारखान्यात हिवतापाचं औषध बनतं, तेच पाण्यात उतरलं आहे, म्हणजे हे पाणी औषध आहे, आणि तेही फुकट. खालच्या आळीतला एक जण थंडीतापाने कुडकुडत होता, त्याने तांब्याभर प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी उठून बैल जुंपले. हिवताप एक दिवसाआड येतो आणि मधल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

लोक येऊ लागले. आधी गावातले, मग आजूबाजूचे. मोठीमाय पुन्हा फुलली. “गोड पानी त कोनीबी देते,” ती मला म्हणाली, “माहं औषध हाये, औषध!” तिने नियमसुद्धा ठरवले. मोठ्या माणसाला उपाशीपोटी ओंजळभर, पोराला त्याच्या निम्मं. तापाला चालायचं, खोकल्याला चालायचं, कंबर धरली तरी चालायचं. पैसा घ्यायची नाही. कुणी देऊ केला तर शिवी हासडायची.

शाळेतली मुलं पोट धरून बसायला लागली तसं मी शाळेसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून पाणी आणायला लावलं. मोठीमाय माझ्यावर रुसली. “तुमाले औषध नको, त नका घेऊ. दुसऱ्याले काऊन भेव दाखवता?” मी पाण्याबद्दल एरवी तिच्याशी वाद घातला नसता, पण तिचे कान वाजायला लागले होते. बोलता बोलता ती मान झटकायची. “शिट्टी वाजून राह्यली. एसटी आली का?” एसटी आलेली नसायची. मी तिला सांगितलं की हे पाण्याने असेल. तिने ते ऐकलं नाही, किंवा खरंच तिला ऐकू आलं नसेल.

लांबच्या पाड्यावरून एक गोंड बाई यायची. कडेवर तापाने सुकलेली दोनअडीच वर्षांची मुलगी. बाईला मराठी जेमतेम, त्यामुळे दोघींचं बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं. एवढ्या लांबून ती रोज चालत यायची. मोठीमायला त्या मुलीचा लळा लागला. तिला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजायची. मुलगी तोंड वाकडं करायची, थुंकायची. “पी वं माय, पी. कडू असते तेच लागू होते.”

“हिला समुद्रपूरच्या दवाखान्यात न्या,” मी त्या बाईला म्हटलं.

उत्तर मोठीमायनेच दिलं. “तिथं सुई टोचतेत. इथं नुसतं पेवाचं हाये.”

मुलगी पुढे ओकायला लागली. हाक मारली तर वळून बघेना. आणि मग ती बाई यायची थांबली.

काही दिवसांनी ती परत आली. कडेवर कोणी नव्हतं. मी शाळेला निघाले होते, विहिरीजवळ थांबले. बाईच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता, त्यात चारोळी. तो तिने मोठीमायच्या हातात दिला. मोठीमायने तिच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं.

“पोट्टी कुठी हाये?”

बाईने हात जमिनीकडे केला. मग मोडक्या मराठीत म्हणाली, “तू देत होती. रोज देत होती.”

ती उपकार मानत होती. त्यासाठीच एवढ्या लांबून आली होती. पण मोठीमायच्या कानात ते तसं गेलं नाही. बाई निघून गेली तरी ती द्रोण धरून उभीच होती. तेवढ्यात निर्मला पेला भरून पाणी पीत ओट्यावर आली. तिला तेव्हा दिवस गेलेले होते. मोठीमायने धावत जाऊन तिच्या हातावर असा फटका मारला की पेला अंगणात जाऊन पडला. “टाक थे! थुक!” त्याच दिवशी तिने निर्मलाला कारंजाला, माहेरी धाडून दिलं.

आम्ही दोघी समुद्रपूरच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण होता, भला होता. मोठीमायने त्याला एकच विचारलं. “माह्या पान्यानं मेली का थे?”

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “ताप डोक्यात गेला असेल. पाणी असेल. दोन्ही असेल. त्या नाल्यात काय काय उतरलं आहे, ते मला इथे बसून सांगता येणार नाही, आजी.” मला त्याचं म्हणणं तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

कारखान्याच्या फाटकावर ती जाऊन बसली. साहेबाने आत बोलावून चहा दिला, गोड बोलला, गावाला टँकर देऊ म्हणाला. तो शब्द त्याने पाळलाही. गावाची बैठक झाली तेव्हा लोकांचं म्हणणं सरळ होतं. “टँकर येऊन राह्यला ना? मंग? कारखाना बंद झाला त पोट्टे काय करतीन?” तिचा मुलगा खांबाला टेकून बसला होता, त्याने मान वर केली नाही. त्याला मी कसा दोष देऊ? बायको माहेरी होती, लेकरू होणार होतं, आणि दुसरं काम कुठे होतं?

जिल्ह्याहून पाणी तपासायला माणसं आली ती ऐन पावसाळ्यात. नाला दुथडी वाहत होता, विहीर पावसाच्या पाण्याने वरपर्यंत भरली होती. बाटली भरून नेली. पावसाळा सरल्यावर त्यांच्यातल्या एकाने चावडीवर येऊन सांगितलं की पाणी पिण्याला हरकत नाही. मोठीमायला काही ऐकू आलं नाही. तिने मला विचारलं, मी तिच्या कानात ओरडले, “पाणी चांगलं आहे म्हणतात!” आयुष्यभर जे ऐकायला ती आसुसलेली असायची, ते ऐकून तिने भर चावडीत शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “पाड्यावर चाला माह्यासंगं. मले ऐकू येत नाई, तुमी ऐका.”

आम्ही गेलो. ती बाई झोपडीसमोर तीळ वाळवत होती. मोठीमाय तिच्यासमोर मातीत बसली. “मी पाजलं थे औषध नोयतं वं. जहर होतं. मले मालूम नोयतं.” तिथल्या एका पोरसवदा माणसाने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईने ऐकलं. पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग उठली, आत गेली आणि बांबूचं दार ओढून घेतलं. आम्ही ऊन कलेपर्यंत बाहेर बसलो. दार उघडलं नाही.

“काय म्हने थे?” परतताना मोठीमायने विचारलं.

“काही म्हणाली नाही,” मी ओरडले. तिने मान हलवली.

त्यानंतर तिने विहीर बुजवायला घेतली. आधी रहाट उतरवला, काठाचे दगड एकेक करून आत लोटले, मग टोपलीने मुरूम. लोक म्हणाले, पाण्यात माती लोटणं पाप आहे. ती म्हणायची, “मले मालूम हाये.” मुलाने एकदा येऊन तिचे हात धरले. त्याच्या तोंडाकडे बघून त्याचं बोलणं तिला कळलं असावं. “तुह्या बापानं खोदली,” ती म्हणाली, “म्हनून मीच बुजवतो. तू नको येऊ.” शाळा सुटल्यावर मीही एक टोपली उचलली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

पुढचा सबंध उन्हाळा ते चाललं. मी पाहायचे, ती पाठमोरी असायची. हाक मारून उपयोग नव्हता. मुलगा कामावर जायचा, यायचा. एका घरात राहून दोघं बोलत नव्हती. नातू कारंजाला झाला, धडधाकट. पण आपण आहोत तोवर त्याला या गावात आणायचं नाही, असं तिने निर्मलाला बजावून ठेवलं होतं. कधी एसटीने जाऊन ती त्याला बघून यायची. परतताना फाट्यावरून सरळ घरी यायची, कुणाशी थांबायची नाही.

माझी बदली हिंगणघाटकडे झाली. दोनतीन हिवाळ्यांनी निरोप आला, मोठीमाय गेली. कारखाना पुढे मालकाने आपण होऊन दुसरीकडे हलवला, पण ते तिला बघायला मिळालं नाही.

तेरवीला मी गेले. विहिरीच्या जागी नुसता गवताचा उंचवटा होता. मुलगा केस उतरवून, खांद्यावर पंचा टाकून लोकांना बसवत होता. निर्मला लेकराला घेऊन आली होती. अंगणात पंगत बसली आणि वाढणं सुरू झालं, तेव्हा पाड्यावरची ती बाई आली. कुणी कळवलं होतं, मला माहीत नाही. ती पंगतीच्या टोकाला बसली. खांद्याला भोपळ्याचा तुंबा अडकवलेला होता.

वरण, भात, भाजी, बुंदी, जे वाढलं ते तिने खाली मान घालून सगळं खाल्लं. पाणी वाढणारा आला तसा तिने पेल्यावर पंजा ठेवला.

निर्मला तिच्याजवळ जाऊन बसली. “टँकरचं हाये. बाहेरून येते.”

“असन,” ती म्हणाली.

तुंब्याचं बूच काढून ती आपलं पाणी प्यायली. पानात काही उरलं नव्हतं. पत्रावळ दुमडून ती उठली, अंगणाच्या कडेला जाऊन तुंब्यातल्याच पाण्याने हात धुतले, तोंडावरून ओला हात फिरवला, आणि पाड्याच्या वाटेला लागली.