पेटीवरचं नाव

वडलांची पेटी मालिकेवाल्यांना मी दिली. आईने नाही, मीच. उगाच दुसऱ्यावर ढकलत नाही.

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीची मुंबईत गावकीची एक खोली होती. गिरणीतले बाप्ये तिथे पाळीपाळीने झोपायचे. प्रत्येकाची हक्काची जागा म्हणजे भिंतीला एक खिळा आणि त्याखाली पत्र्याची पेटी. माणूस तिकडेच वारला तर त्याची पेटी गावी बायकोच्या हातात द्यायची, हा गावकीचा नियम. वडलांचीही तशीच आली. आत दोन धुतलेली धोतरं, पुडीभर बत्तासे आणि आईसाठी घेऊन ठेवलेलं लुगडं होतं. खोलीत अक्षरं शिकल्यावर त्यांनी झाकणावर पांढऱ्या रंगाने आपलं नाव काढलं होतं, जाड नि वाकडंतिकडं. आईला अक्षरओळख नाही. पण दर शिमग्याला पेटी पुसताना ती त्या नावावरून बोट फिरवायची.

मालिकेवाले महाडला आमच्या घरी आले. म्हणाले, "तुम्हा लोकांचा इतिहास कुणी दाखवलाच नाही." मी कोर्टातला निवृत्त कारकून, जन्मभर दुसऱ्यांचे जबाब उतरवले. माझा जबाब पहिल्यांदाच कुणी घेत होतं, चढलो हरभऱ्याच्या झाडावर. खोलीत मारामाऱ्या व्हायच्या का, असं त्यांनी विचारलं. नळावर एकदा दोघांनी बादल्या आपटल्या होत्या, बस्स. पण त्यांचे चेहरे पडलेले बघवेनात, म्हणून मी तिखटमीठ लावलं. एकाच्या हातात सुरा दिला. तो एक म्हणजे आमचे वडील, असंही बोलून गेलो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. "त्यांची खोली दिसंल ना रे?" एवढंच ती विचारत राहायची. ती खोली तिने आयुष्यात पाहिली नव्हती. बायकांना तिथे मज्जाव.

मालिका लागली तेव्हा मी तिला टीव्हीसमोर बसवलं. पेटी दिसली तशी ती पुढे सरकली. "आपलीच हाय," म्हणाली. पडद्यावरच्या एकाने झाकण उघडलं, तर आत पिस्तुलं.

"ह्यो कोण?"

"नट हाय, आई."

"मंग ह्यांच्या पेटीत हात कशाला घालतो?"

मी टीव्ही बंद केला. बिघडलाय म्हणालो. बाजारात लोक मात्र पाठीवर थाप मारून "काय भाईंचे चिरंजीव" म्हणत होते, कौतुकाने. कुणाकुणाशी भांडणार?

पुढे पेटी परत आली. जुनं नाव खरवडून त्यावर लाल रंगात मालिकेतल्या गुंडाचं नाव घातलेलं. मी झाकायच्या आत आईने फडकं घेतलं आणि झाकणावर बोट ठेवलं.

"काय लिवलंय?"

मी वडलांचं नाव सांगितलं.

तिने बोट सावकाश शेवटापर्यंत नेलं, परत आणलं.

"एवढं लांब नव्हतं त्यांचं नाव," ती म्हणाली, आणि फडकं माझ्या हातात दिलं.