अक्का कोणावर विश्वास ठेवत नसत

अक्का गेल्याचं त्यांच्या धाकट्या भावाने, अण्णांनी, मला फोनवर सांगितलं. "झोपेतच गेली," म्हणाले. मग, "येताना ओळखपत्र आण हां... वॉचमनला तिने सांगून ठेवलंय, त्याशिवाय कोणाला सोडायचं नाही..." आणि त्यांनी फोन ठेवला. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

सुलोचनाअक्का माझ्या घरमालकीण. त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्यांपासून कर्नाटकातलं. मी नोकरीसाठी नागपूरहून आलेली. इंदिरानगरला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं राहिले, गेल्या वर्षीपर्यंत. अक्कांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत लोकांचे दाखले खरे की खोटे हे तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या माणसं तपासू लागल्या. कुरिअर देणाऱ्याला उन्हात उभं करून आधी पाठवणाऱ्याला फोन करायच्या. मीही काही भाबडी नव्हते. परगावी एकटी राहणारी मुलगी सावध असते, तेवढी होतेच. म्हणून तर आमचं जमलं.

त्यांचे वडील तरुणपणी म्हैसूरहून बंगळूरला पाच दिवसांत चालत आले होते, अशी घरातली गोष्ट होती. अक्कांचा तिच्यावरही विश्वास नव्हता. चार वर्षांपूर्वीच्या थंडीत त्या म्हणाल्या, "रश्मी, आपण म्हैसूरला चालत जाऊन बघू. बाबा खरं बोलत होते का कळेल तरी." त्या तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या.

केंगेरीपर्यंत मेट्रोने जाऊन आम्ही आतल्या रस्त्यांनी चालायला लागलो. पहिल्या संध्याकाळी बिडदीच्या पुढे एका म्हातारीने न विचारताच आम्हाला आपल्या ओसरीवर बोलावलं. घरात रेशमाचे किडे पाळलेले, गोल टोपल्यांत तुतीचा पाला पसरलेला. तिने चटया दिल्या, ताक आणलं. "स्वल्प पोट बिघडलंय," म्हणून अक्कांनी ताक नाकारलं आणि डोळ्यांनी मलाही नको म्हणायला लावलं. झोपताना पिशवीचा पट्टा स्वतःच्या मनगटाला बांधून घेतला. का बोलावलं असेल हिने, हा प्रश्न मलाही पडला होताच.

दुसऱ्या दिवशी एक मोपेडवाला दिसू लागला. तपकिरी स्वेटर, चाळिशीतला. पुढे जाऊन थांबायचा, आमच्याकडे बघायचा, आम्ही जवळ आलो की निघायचा. तिसऱ्या वेळी अक्कांनी गाडीचा नंबर तळहातावर लिहून घेतला. दुपारी चहाच्या टपरीवर तो पुन्हा दिसला, तेव्हा अक्का सरळ त्याच्यासमोर जाऊन कन्नडमध्ये कडाडल्या, "का मागे लागलास आमच्या?" तो गडबडला. आईचं काहीतरी पुटपुटला. तोवर माणसं जमली, कोणीतरी त्याची कॉलर धरली, एकाने थोबाडीत मारली. तो मान खाली घालून निघून गेला. "सरी, बरं झालं, सुटलो," अक्का म्हणाल्या. मलाही हायसं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते...

तासाभराने कालव्याच्या कडेला अक्कांचा पाय मुरगळला. टेकवताच येईना. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि समोरून तीच मोपेड आली. तो लांबच थांबला. गाल अजून लाल होता. म्हणाला, "अम्माने पाठवलंय. दोघी बायका एकट्या निघाल्यात, पुढच्या गावापर्यंत लक्ष ठेव म्हणाली." त्याने आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. ही कालची म्हातारी, असं तो सांगत होता. पण अक्का त्या अक्काच. त्यांनी विचारलं, "रात्री माझी पिशवी कुठे होती, सांगा."

"मनगटाला बांधलेली," पलीकडून उत्तर आलं. "आमच्या घरात चोर नाहीत गं, बाई."

अक्का त्याच्या खांद्याला धरून मोपेडवर बसल्या. डॉक्टर, एक्स-रे, परतीची गाडी, सगळं त्यानेच बघितलं. त्याचं नाव शिवण्णा. अक्कांनी ना माफी मागितली, ना आभार मानले. आमची पायपीट तिथेच संपली. नंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, आणि मी मनात त्यांना थोडी निष्ठुरच समजत राहिले.

तेराव्याला शिवण्णा आला, तेव्हा मला पुढचं कळलं. पाय बरा झाल्यावर अक्का एकट्या बसने त्या टपरीवर गेल्या होत्या. शिवण्णाला बोलावून घेतलं, टपरीवाल्याला आणि तिथल्या माणसांना गोळा केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी होती. याच्यावर हात उचलला गेला तो माझ्यामुळे." त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी त्या त्यांच्याकडे राहायला जात. मला म्हणायच्या, चिकपेटच्या बाजारात जाऊन येते, मग नातेवाइकांकडे राहीन. सहा वर्षं एका घरात राहून मी त्यांना ओळखलं नव्हतं.

मागच्या रविवारी मी शिवण्णाच्या घरी गेले. म्हातारीने मला जेवू घातलं आणि दुपारी आतल्या खोलीत पडायला सांगितलं. मग फडताळातून एक निळ्या चौकड्यांची चादर काढली, धुऊन घडी घातलेली. "तुझ्या अक्काची," म्हणाली. "आमच्या अंथरुणावर झोपायची नाही. स्वच्छ नसेल म्हणायची. स्वतःची घेऊन आली आणि इथेच ठेवून गेली. आम्ही कोणाला वापरू देत नाही."

तिने ती खाटेवर अंथरली, चारही कोपरे नीट ओढले आणि मला म्हणाली, "झोप."