भावोजी आणि गल्लीभरचे रेडिओ

रेडिओ चालू असताना त्यावरचं एकही गाणं न ऐकता जन्म काढलेला माणूस अख्ख्या म्हैसूर राज्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या पदरात पडला. भावोजी रेडिओसमोर तासन्‌तास बसत. डोळे मिटलेले, मान कललेली; नवख्या माणसाला वाटावं, काय रसिक जावई मिळालाय या घराला. गाणं संपल्यावर कोण गात होतं म्हणून विचारलं, की ते दचकून म्हणत, "गात होतं कुणी? मी खरखर ऐकत होतो." खरखर मात्र ते दर्दी माणसासारखी ऐकत. ही विजेच्या तारेची, ही ढगांची, ही कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची, अशी त्यांनी खरखरीची घराणी पाडली होती. रविवारी गिरणी बंद असली की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई.

भावोजी सरकारी कचेरीत कारकून आहेत असं आम्हाला लग्नाच्या वेळी सांगण्यात आलं होतं. ते खोटं नसावं, कारण रोज सकाळी डबा घेऊन ते कुठेतरी जात खरे. चामराजपेटेतल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं, आणि पुढच्या खोलीत आमच्या वडिलांनी लढाईच्या आधी घेतलेला लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा रेडिओ होता. वडील गेले, रेडिओ राहिला. वयोमानाप्रमाणे त्याचंही डोकं जरा फिरलं होतं. कन्नड बातम्या लावल्या की त्यांच्या मागून कुणीतरी तमिळमध्ये भजन म्हणे, आणि भजन लावलं तर बातम्या. आम्हाला त्याची सवय झाली होती. भावोजींना झाली नाही. "अलाइनमेंट गेलंय," त्यांनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या निदान केलं, आणि आमच्या रेडिओची शांती तिथं संपली.

अलाइनमेंट म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं की शेवटी मला ते खरंच समजलं. रेडिओच्या पोटात ॲल्युमिनियमच्या डब्या असतात, डब्यांत स्क्रू असतात. हे सगळे स्क्रू एकमेकांशी जुळवून घ्यायला तयार झाले, की दूरचं बारीक स्टेशन जवळच्यांच्या गोंगाटातून वेगळं निघतं. हे काम दुकानदार ठरावीक सूर सोडणाऱ्या एका महागड्या यंत्राने करतात. महागड्या यंत्रांबद्दल भावोजींना मनापासून तिटकारा होता. तो त्यांच्या पगाराशी फार जुळून येई. सुराचा जोर मोजायचं त्यांचं मीटर शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातलं होतं. टिचकी मारल्याशिवाय त्याचा काटा हलत नसे. त्यावर भावोजींचं म्हणणं, "खोटं बोलत नाही हो तो, स्वल्प लाजतो." लोखंडाचा स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की डबीतला सूर बिघडतो, म्हणून त्यांनी अक्काची विणायची प्लास्टिकची सुई पळवली आणि तिचं टोक घासून चपटं केलं. सुई गेली तेव्हा अक्का त्यांच्यासाठीच स्वेटर विणत होती. त्या स्वेटरला डावी बाही कधी आलीच नाही. भावोजी तो तसाच घालत आणि उजवीकडे ऊब जास्त लागते म्हणून तक्रार करत.

राहिला सूर देणाऱ्या यंत्राचा प्रश्न. तो त्यांनी शेजाऱ्यांच्या जिवावर सोडवला. चालू रेडिओ नुसता ऐकत नाही, स्वतःही एक बारीकसा सूर बाहेर सोडत असतो, ही माहिती त्यांना कुठून तरी मिळाली होती. शेजाऱ्याचा रेडिओ आणून आमच्याशेजारी ठेवायचा, त्याचा काटा फिरवत जायचा, की एका जागी त्याचा सूर आमच्या रेडिओत शिट्टी होऊन उमटे. मग त्या शिट्टीवर सुईने स्क्रू लावत बसायचं. एका रेडिओवर भागलं असतं, पण प्रत्येक कंपनीचा सूर निराळा, असं म्हणून त्यांनी गल्लीतला एकेक रेडिओ लहान मूल घ्यावं तसा कडेवर घेऊन घरी आणला. समोरच्या पद्मम्मांचा रेडिओ तर इतके दिवस आमच्याकडे राहिला की त्यांच्याकडे आलेले पाहुणे तो ऐकायला आमच्याकडे येऊ लागले.

आता, शेजारून आलेलं भांडं आपण रिकामं परत करत नाही. पद्मम्मांची वाटी कोसंबरी घेऊन येई आणि आमच्या आईच्या हातचं काहीतरी घेऊन जाई. भावोजींनी हा धर्म रेडिओलाही लावला. नुसता रेडिओ परत कसा करायचा? म्हणून ज्याचा रेडिओ आणला, त्याला त्यांनी परतीच्या वेळी एक एरियल बांधून दिली. आमची गच्ची गल्लीत सगळ्यांत उंच. तिथं दोन बांबू रोवून त्यांनी आमच्या तारेला लागूनच शेजाऱ्यांच्या तारा ताणल्या, आणि त्यांची टोकं ज्याच्या त्याच्या खिडकीत नेऊन सोडली. गल्ली खूश झाली. आम्हाला पापड वाळत घालायला जागा उरली नाही, एवढंच.

अशात माझी धाकटी बहीण कुसुम हिचं मुंबईहून कार्ड आलं. येत्या गुरुवारी संध्याकाळी सातला तिचं रेडिओवर गाणं होतं, पहिलंच. पाव तास. कुसुमला गाणं आईने शिकवलेलं. लग्न होऊन ती गेली त्यानंतर आईचा दमा बळावला, आणि मुंबईचा प्रवास डॉक्टरांनी साफ बंद केला. लेकीचा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आईने कार्ड वाचलं. मग भावोजींकडे पाहिलं. मुंबईचा शॉर्टवेव्ह आमच्याकडे लागे तो समुद्राच्या तळातून बोलल्यासारखा. भावोजी म्हणाले, "आई, तुम्ही काळजी सोडा." त्या वाक्याने आमची काळजी खरी सुरू झाली.

पण खोटं कशाला सांगू, त्यांनी रेडिओ लावला मात्र असा की ऐकत राहावं. बुधवारी सकाळी मुंबईची निवेदिका शेजारच्या खोलीत बसून बोलावी इतकी स्वच्छ बोलली. गुरुवारी पावणेसातला आई लुगडं बदलून रेडिओसमोर बसली. सात वाजले. कुसुमचं नाव पुकारलं गेलं, तंबोरा सुरू झाला, आणि त्याच्यावर एक शिट्टी चढली. मग दुसरी. मग तिसरी. कुसुमने सूर लावला असावा, कारण शिट्ट्यांच्या मागे काहीतरी हललं.

"झालं तुमचं अलाइनमेंट?" अक्का म्हणाली. भावोजींनी सुई उचलली आणि परत खाली ठेवली. रेडिओला काही झालं नव्हतं. सकाळी गल्ली कामात असते. संध्याकाळी सातला घरोघरी सिलोनची गाणी लागतात. प्रत्येक रेडिओ आपला सूर सोडत होता, आणि भावोजींनी बांधलेल्या तारांवरून तो थेट आमच्या तारेत उतरत होता. इतका उपकार गल्लीवर कुणी केला नव्हता, आणि तो असा फेडला जात होता. आई रेडिओच्या कापडावर कान टेकून बसली होती. तिच्याकडे न बघता भावोजी बनियन आणि पंच्यावर तसेच रस्त्यावर धावले.

मी खिडकीत उभा होतो. पद्मम्मांनी त्यांना दारात पाहिलं आणि कंटाळून विचारलं, "मत्ते रेडिओ बेका, रायरे?" पुन्हा रेडिओ हवा का? "बेडा अम्मा," नको म्हणत भावोजींनी हात जोडले. "स्वल्प निल्सी. आईची मुलगी गातेय, मुंबईला. पाव तास बंद ठेवा फक्त." या माणसाने आजवर गल्लीतल्या वस्तू नेल्या होत्या त्या हक्काने, हात जोडलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. पद्मम्मांनीही पहिल्यांदाच पाहिले असावेत. "सरी, सरी," म्हणत त्या आत गेल्या आणि त्यांच्याकडचं गाणं कडव्याच्या मध्येच थांबलं. भावोजी पुढच्या दाराशी. तिथलंही थांबलं. एकेक घर गप्प होत गेलं, आणि आमच्या खोलीतली एकेक शिट्टी गळत गेली. गल्लीच्या टोकाच्या घराशी ते पोचले तेव्हा खोलीत कुसुमशिवाय कुणी उरलं नव्हतं. आईने कान काढून घेतला आणि ती सरळ बसली.

धापा टाकत भावोजी पायऱ्या चढून आले तेव्हा पुढच्या कार्यक्रमाची घोषणा चालू होती. आयुष्यात एकदा त्यांना गाणं ऐकायचं होतं, आणि ते त्यांनी ऐकलं नाही. दारातच उभं राहून, अपराध्यासारखं त्यांनी विचारलं, "आई, आलं का काही?"

आईने पदराने डोळे पुसले. "दुसऱ्या ओळीत मध्येच श्वास घेते अजून," ती म्हणाली. "किती वेळा सांगितलं होतं कार्टीला."

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. "श्वास ऐकू आला?"

"आला."

त्यानंतर ते उंबऱ्यावर खाली बसले. अक्काने त्यांना पाणी आणून दिलं, पण ते पेला हातात धरून तसेच बसून राहिले. बाहेर गल्लीत अजून कुणीच रेडिओ लावला नव्हता. पाव तास कधीच संपला होता. संपला म्हणून सांगायला मात्र कुणी गेलं नव्हतं. भावोजींवर हसण्यात माझी अर्धी जवानी गेली, पण त्या संध्याकाळी मला हसू आलं नाही. मीच उठलो आणि दारोदार सांगत गेलो.