बसल्या बसल्या दिलेला शब्द

सभागृहाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे एक अरुंद खोली होती. तीन टेबलं, दोन लोखंडी कपाटं आणि भिंतीवर एक टीव्ही. खाली सभागृहात जे काही चाललेलं असे ते त्या टीव्हीवर दिवसभर दिसत राही, आणि आवाज बारीक केला तरी भांडण कळत असे, कारण हातवारे बारीक होत नाहीत.

या खोलीत बाई एकतीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. मंत्री बोलण्याच्या ओघात 'करू', 'बघू', 'माहिती घेऊन सभागृहाला सांगू' असं जे काही म्हणत, ते छापील अहवालातून वेचून काढायचं, यादीत चढवायचं आणि त्या त्या खात्याला पत्र धाडायचं की दिलेल्या शब्दाचं काय झालं ते तीन महिन्यांत कळवा. इमारतीत त्यांना सगळे शब्दबाई म्हणत. लिफ्टमन रोज सकाळी विचारायचा, "काय बाई, काल किती सापडले?"

"सात," बाई म्हणायच्या. "त्यातले पाच गेल्या वर्षीचेच. कपडे बदलून आलेत."

पूर्वी त्यांना या कामाचा अभिमान होता. आता मान दुखायची. एकतीस वर्षांत पाच सरकारं आली नि गेली. डावीकडचे लोक उजवीकडे बसले, उजवीकडचे डावीकडे, आणि जाताना आपापली भाषणं जणू बाकांवरच ठेवून गेले. काल जो खर्च 'उधळपट्टी' होता तो आज 'गुंतवणूक' होई, आणि ओरडणारा मात्र दोन्ही वेळा तितक्याच मनापासून ओरडे. बाईंना आता राग येत नसे. वाचून झालेलं पान उलटावं तसं त्या ते ऐकून सोडून देत.

पण त्या आठवड्यात त्यांना टीव्हीचा आवाज मोठा करावा लागला.

शिक्षण खात्याच्या खर्चावर चर्चा चालू होती आणि त्यात कुठेतरी खाली, एका परिशिष्टात, एक ओळ होती. सरकारी शाळांमध्ये अशा बावीस खोल्या होत्या की जिथे पायांत बळ नसलेल्या मुलांना रोज तासभर व्यायाम देत. त्या बंद करून पैसे वाचवायचे होते. त्या बावीसमधली एक खोली बाईंच्या नातीच्या शाळेत होती. नात आठ वर्षांची. घरात तिला ठकू म्हणत. दोन वर्षांपूर्वी ती भिंतीला धरून उभी राहायची, आता दोन दांड्यांमधून सात पावलं टाकायची. सात म्हणजे सातच, आठव्याला खाली बसायची आणि स्वतःच म्हणायची, "आजचा कोटा संपला." त्या खोलीत व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, अजून चार वर्षं तरी खंड पडता कामा नये. खंड पडला तर जे आलंय तेही जाईल. बाहेर तोच व्यायाम घ्यायचा म्हटलं तर लेकीचा आणि जावयाचा मिळून पगार पुरला नसता.

हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. बाईंना घरचं दुखणं ऑफिसात आणायची सवय नव्हती.

चर्चा तीन दिवस चालली. शिक्षणमंत्री म्हणाले, मुलांचे पाय हा आरोग्याचा विषय आहे, आमच्याकडे कशाला? आरोग्यमंत्री म्हणाले, खोली शाळेच्या भिंतीआड आहे, मग खर्च शाळेचा. दोघं एकाच पक्षाचे, तरी चेंडू असा टोलवत होते की विरोधी बाकावरून एकाने विचारलं, "पोर नेमकं कुणाचं ते तरी सांगा, आम्ही नाव ठेवतो!" त्यावर सत्तेच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "तुमच्या राज्यात त्या खोल्यांत बसायला खुर्ची नव्हती!" मग खुर्च्यांवर चाळीस मिनिटं गेली. कोणत्या साली कोणी किती खुर्च्या घेतल्या, त्यातल्या किती मोडल्या. मुलांच्या पायांपाशी कुणी परत आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी विरोधी पक्षाचा उंच आवाजाचा एक सदस्य बाक सोडून पुढे आला, त्याच्यामागे वीस-पंचवीस जण. इकडचेही उठले. पडद्यावर पाठीच पाठी, त्यांच्या मधल्या फटीतून तेवढा मंत्र्यांचा बाक दिसत होता. शिक्षणमंत्री बोलून बोलून घामाघूम झाले होते. ते खाली बसले, पाण्याचा ग्लास उचलला आणि माइककडे वाकून वैतागून म्हणाले, "त्या खोल्या बंद होणार नाहीत. झालं समाधान? बसा आता!"

बाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी जड. कारण त्यांनी पाहिलं होतं, मंत्री बसलेले होते.

बाईंची यादी सभागृहाच्या ज्या समितीसाठी असे, तिची रीत जुनी होती. मंत्र्याने आपल्या जागी उभं राहून बोललेलंच धरायचं, बसून टाकलेलं वाक्य म्हणजे गप्पा. ही रीत बाईंनी डोळ्यांत तेल घालून पाळली होती. एकदा डोंगरापलीकडच्या गावाला पुलाचा शब्द मिळाला होता. अहवालात लिहून घेणाऱ्याने कंसात 'बसून' असं लिहिलं होतं. बाईंनी तो शब्द वगळला. गावातले सहा जण विचारायला आले, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "साहेब बसून बोलले हो, माझा नाइलाज आहे." त्यातला एक म्हातारा म्हणाला होता, "बाई, नदीला काय सांगू? बसून सांगू की उभ्याने?"

दुसऱ्या दिवशी छापील अहवाल आला. बाईंनी ते पान तीनदा वाचलं. वाक्य होतं, मंत्र्यांच्या नावावर होतं, कंसात काही नव्हतं.

अकरा वाजता मंत्र्यांचे पीए आले. टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत म्हणाले, "बाई, ते कालचं वाक्य. रागाच्या भरात गेलं हो ते."

"मग दुरुस्ती द्यायची. काल पाच वाजेपर्यंत वेळ होता."

"साहेब चॅनेलवर होते पाच वाजता. तिथे दुसरंच भांडण चालू होतं." पीएंनी आवाज खाली आणला. "तुम्ही पाहिलंच नाही असं समजा ना. दीडशे पानांत एक ओळ. कुणाच्या लक्षात येतंय?"

बाईंच्या जिभेच्या टोकावर होतं की साहेब बसलेले होते. तेवढं म्हटलं असतं तर पीए उड्या मारत गेले असते. त्या एवढंच म्हणाल्या, "यादी संध्याकाळी होईल."

पीए गेले तोच उंच आवाजाचे सदस्य हजर. इथे खोलीतही त्यांचा आवाज उतरत नव्हता. "बाई, ते वाक्य यादीत पहिल्या नंबरावर घ्या! तीन महिन्यांनी त्यांनी खोल्या बंद केल्या की मी असा हाणतो की बघाच!"

"आणि बंद नाही केल्या तर?"

हा विचार सदस्यांच्या मनात आला नव्हता हे चेहऱ्यावर सरळ दिसलं. "नाही केल्या तर... मग बघू दुसरं काहीतरी."

"तुमच्या भागात आहे का त्यातली एखादी खोली?"

"असेल हो. आता बावीस आहेत म्हणजे असणारच ना!"

ते गेल्यावर बाईंनी जेवणाचा डबा उघडला नाही. एकाला वाक्य नको होतं, दुसऱ्याला ते दगड म्हणून हवं होतं. ज्यांना खोली म्हणून हवं होतं त्यांच्यातल्या या इमारतीत एकट्या त्याच होत्या, आणि लेखणीही त्यांच्याच हातात. निवृत्तीला पाच महिने राहिलेले. गप्प बसलं तर काम होत होतं. साधं गप्प बसायचं होतं, खोटं काहीच लिहायचं नव्हतं. आयुष्यभर इतरांच्या गप्प बसण्यावर त्या पत्रं लिहीत आल्या होत्या.

चार वाजता त्या उठल्या आणि समितीच्या सचिवांकडे गेल्या. सचिव त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, चष्मा कपाळावर, समोर फायलींची भिंत.

"साहेब, एक नोंद आहे. ती मी करू नये असं मला वाटतं."

"का? हात दुखतोय?"

"माझी नात तिथे जाते. त्या खोलीत." एवढं बोलायला बाईंना पाणी प्यावं लागलं. "आणि दुसरं. मंत्री बसलेले होते. मी टीव्हीवर पाहिलं."

सचिवांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई, स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला या खोलीत आजवर कुणी आलेलं नाही. बसा आधी."

त्यांनी अहवाल मागवला, पान काढलं, बोट ठेवून वाचलं. मग लिहून घेणाऱ्याला बोलावलं. बारीक अंगाचा, बोटांना शाई लागलेला माणूस दारातच उभा राहिला.

"मंत्री बसून बोलले की उभ्याने?"

"दिसलं नाही साहेब. माझ्यासमोर पंचवीस पाठी होत्या. ऐकू आलं ते लिहिलं."

तो गेल्यावर सचिव म्हणाले, "आपण अहवालावर चालतो, टीव्हीवर नाही. पुलाच्या वेळी कंसात लिहिलं होतं म्हणून वगळलं. इथे लिहिलेलं नाही."

"पण मला माहीत आहे."

"मलाही आता माहीत आहे. तुमच्या कृपेने." ते थोडं हसले, पण थकून. "तुम्हाला माहीत असलेलं जर मी धरलं, तर उद्या ज्याला जे माहीत आहे ते सगळं धरावं लागेल. मग ही समिती नाही, चहाची टपरी होईल. पान आणा इकडे. नोंद माझ्या हातची होऊ दे, सही माझी. तुमची नात जाते हेही शेऱ्यात लिहितो. कुणी विचारलं तर लपवायला नको."

त्यांनी लिहिलं. नंबर पडला दोनशे चौदा. बाईंना वाटलं होतं की आता बरं वाटेल. बरं वाटलं नाही, नुसती कंबर दुखली, तासभर उभ्याने भांडी घासल्यासारखी.

शनिवारी त्या ठकूला घेऊन शाळेत गेल्या. लांबट खोली, एका भिंतीला मोठा आरसा, खाली निळी रबरी चटई, तिचे कोपरे वर वळलेले. ताई गुडघ्यांवर बसून ठकूच्या पायाला पट्टा बांधत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "आजी, पेपरात आलंय की खोल्या राहणार. खरं का?"

"राहणार असं नाही." बाई आरशाखालच्या बाकावर टेकल्या. "नुसता मंत्र्यांचा शब्द यादीत गेलाय. यादीत असेपर्यंत सभागृहाला उत्तर दिल्याशिवाय बंद करता येत नाही."

"मग उत्तर देतील की."

"तीन महिन्यांनी पत्र येईल, माहिती गोळा करत आहोत, मुदत द्यावी. मग आणखी तीन महिने. शिक्षणवाले म्हणतील आरोग्याकडून आकडे आले नाहीत, आरोग्यवाले म्हणतील शिक्षणाने विचारलेच नाहीत. मग निवडणूक. नवे येतील, ते म्हणतील आधीच्यांचा शब्द आहे, तपासून बघतो." बाई सवयीने बोलत गेल्या आणि बोलता बोलता थांबल्या. असल्या पत्रांवर त्या तीस वर्षं तळपायाची आग मस्तकात जाईपर्यंत चिडल्या होत्या.

ताईंनी पट्ट्याचं बक्कल लावलं. "म्हणजे किती दिवस?"

"माझ्या हातून गेलेला सगळ्यात लांबलेला शब्द नऊ वर्षं चालला."

ताई बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. "मला चार पुरतील," त्या म्हणाल्या.

"माझे पाच महिने राहिलेत. पहिल्या मुदतीचं पत्र माझ्याच टेबलावर येईल." बाईंनी डोळे मिटून मान मागे भिंतीला टेकवली. "समितीच्या सचिवांकडे पाठवीन. ते देतील मुदत. सगळ्यांनाच देतात."

ठकू दोन दांड्यांमध्ये उभी राहिली होती. "आजी, डोळे उघड ना! मी चालणार आहे आणि तू झोपतेस काय?"