चाळणीवाल्या बायांचं मत

जयवंता सव्वीस वर्षं बाजार समितीच्या यार्डात चाळणी मारत होती. पोती हमाल उचलायचे. खाली सांडलेली तूर, सोयाबीन झाडून, चाळून परत भरायचं काम बायांचं. तिचा नवरा देवमन तिथंच हमाल होता.

समितीची निवडणूक लागली. हमाल-मापाऱ्यांचा एक संचालक निवडायचा होता. फळ्यावर मतदारयादी लागली. दोनशे बारा नावं, त्यात बाई एकही नाही.

"आमची नावं काहून नाई?" तिनं समितीच्या कचेरीतल्या बाबूला विचारलं.

"परवाना हमालाले भेटते. तू कधी पोतं उचललं का?"

"तुमी कधी चाळणी मारली का?"

जयवंतानं एक्केचाळीस बायांचे अंगठे घेऊन अर्ज दिला. हमालांचा पुढारी सूर्यभान दोनदा संचालक झालेला. बायांनी संडास मागितला तेव्हा "घरून जाऊन येत जा" म्हणणारा हाच. ही मतं आपली नव्हेत, हे त्याला कळत होतं. त्यानं तिला गेटवरच अडवलं.

"तुले मत कायले पायजे? देवमनचं हाये ना घरात!"

"देवमन जेवला का माहं पोट भरते काय?"

दुसऱ्या दिवसापासून सूर्यभानच्या सांगण्यावरून व्यापाऱ्यांनी बायांना काम देणं बंद केलं. बाया लिलावाच्या ओट्यावर जाऊन बसल्या. हर्रास थांबला. ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी शिव्या देऊ लागले. एकानं उरलेला चहा जयवंताच्या लुगड्यावर फेकला. ती जागची हलली नाही. दुपारी सचिव आला आणि चरफडत म्हणाला, "जिल्ह्याच्या साहेबापुढं सुनावणी होईन. आता उठा."

समितीचं म्हणणं एकच होतं : या बाया यार्डात कामाला नाहीतच. पण कोरोनात समितीनंच त्यांना शिक्का मारून 'मजूर' असे पास दिले होते. बाया घरोघरी ते पास शोधायला लागल्या. जयवंताखेरीज सतरा जणींचे सापडले. जयवंताचा तिच्या पेटीत होता, तो सुनावणीच्या सकाळी दिसेना.

"मीच चुलीत घातला," देवमन म्हणाला. "सूर्यभाननं मले टोळीतून काढलं असतं. तुह्यापायी म्या उपाशी मरावं?"

ती इतरांचे सतरा पास पिशवीत घालून बसस्टँडवर गेली.

साहेबानं शिक्के तपासले, सचिवाला झापलं आणि सतरा जणींना परवाने देऊन यादीत घ्यायला सांगितलं. पुरावा नाही म्हणून बाकीच्यांची नावं गळली. जयवंताचंही गळलं.

मतदानाच्या दिवशी ती गेटबाहेर उभी होती. पोलिसानं तिला आत सोडलं नाही. त्या सतरांतली चतुराबाई शाई लागलेलं बोट घेऊन बाहेर आली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. जयवंता रडली नाही. "बाकीच्या सोळाजणी कुठं हायेत? पाठव त्यायले मत द्यायले," एवढंच म्हणाली.

सूर्यभान नऊ मतांनी पडला. जाताना तो तिच्या पायाशी थुंकला. हमालांनी दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या हंगामात, नवा संचालक मागं लागल्यावर, तिलाही परवाना मिळाला. देवमनशी मात्र ती अजून कामापुरतंच बोलते.