सुलभाताई आणि स्टेकहाउसमधला भात

जपानीतलं बोलणं मराठीत आणायची वेळ आली की सुलभाताई डोळे मिटून घ्यायच्या. टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात पहिल्याच मीटिंगला मला वाटलं, बाईंना डुलकी लागली. समोर जपानी साहेब तावातावाने बोलत होते, अलीकडे आम्ही पुण्या-मुंबईहून आलेले इंजिनिअर माना खाली घालून बसलो होतो आणि मधल्या खुर्चीत पंजाबी ड्रेसवर लोकरीचं जाकीट घातलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या या बाई. साहेब थांबले. बाईंनी डोळे उघडले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "साहेब म्हणतायत, हा प्रोग्रॅम लिहिताना लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि मीनल, हे ते तुझ्याकडे बघून म्हणाले."

प्रोग्रॅम माझाच होता. मीटिंग संपल्यावर मी फणकाऱ्याने विचारलं, थोडं गोड करून सांगता आलं नसतं का? ताई हसल्या. "मी नळ आहे गं. पाणी गोड की खारट, ते मी ठरवत नाही." हे वाक्य नंतर मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं, की आम्ही पाठीमागे त्यांना 'नळ' म्हणायला लागलो. त्यांना ते कळलं, तेव्हा त्या खूश झाल्या.

पुण्यात त्या जपानीच्या शिकवण्या घ्यायच्या. दोन हजारच्या दशकात जपानमधल्या कंपन्यांना आमच्यासारखे लोक घाऊक हवे होते, पण आम्हाला जपानी येत नव्हतं. म्हणून आमच्या कंपनीने ताईंना दुभाषी म्हणून बरोबर पाठवलं. ऑफिसचं काम नावाला. कोणता कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, दातांच्या डॉक्टरला कुठे दुखतंय ते कसं सांगायचं, शाळेतल्या बाईंनी मुलाबद्दल नेमकं काय लिहून पाठवलंय, सगळ्याला ताई. त्यांनी सांगितलं की संपलं. दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच नसायची.

सगळ्यात जास्त विसंबून होते ते फडके. आमच्यातले वयाने मोठे, अंडंसुद्धा न खाणारे. येताना कुकर घेऊन आले होते, आणि टीम जेवायला बाहेर पडली की हे जागेवर बसून डब्यातली खिचडी खायचे. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, या दोघांना बघणं ही आमची करमणूक होती. ताई चष्मा कपाळावर चढवून बिस्किटाचा पुडा नाकाशी धरायच्या आणि निकाल द्यायच्या, "यात माशाची पूड आहे. ठेवा खाली." फडके मुकाट्याने ठेवायचे. स्वतःच्या बायकोचंही त्यांनी इतकं ऐकलं नसेल.

मोठं काम पार पडलं तेव्हा निशिदा-साननी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. निशिदा-सान म्हणजे निशिदासाहेब, ज्यांचं काम आम्ही करत होतो त्या विभागाचे प्रमुख. पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. ते राहायचे टोकियोच्या पश्चिमेच्या उपनगरात, आणि घराजवळच्या एका भारी स्टेकहाउसमध्ये नवरा-बायको लग्नाच्या वाढदिवसाला जायचे. तिथेच बोलावलं. स्टेकहाउस म्हटल्यावर आमचे चेहरे पडले. ताईंनी डोळे मिटले आणि उघडले. "निशिदा-सान म्हणतायत, ते स्वतः जाऊन आचाऱ्याला भेटून आलेत. बीफ कुणालाच नाही. तुम्हाला कोंबडी, फडक्यांना फक्त भाज्या. त्यासाठी लोखंडी तवासुद्धा वेगळा, नवा." फडक्यांनी उठून हात जोडले. परदेशात त्यांच्या जेवणाची एवढी काळजी कुणी केली नव्हती.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. बाहेर नेटकी बाग, आत लाकडाचा लांबलचक ओटा, त्यातच बसवलेले तवे, समोर उंच पांढरी टोपी घातलेला आचारी. निशिदा-सान आणि त्यांची बायको गुडघ्यांवर हात ठेवून परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे बसले होते. फडक्यांसमोर कमळाच्या देठाच्या चकत्या, भोपळा, टोफू आणि शेवटी लसणीचा परतलेला भात आला. पहिल्या घासालाच फडक्यांनी मान डोलावली. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. चार माणसांत बसून ते पोटभर जेवताना मी जपानात प्रथमच पाहत होते. "ताई, विचारा हो त्याला, काय घातलंय यात?"

ताईंनी विचारलं. आचारी लाजला, झुकला आणि अभिमानाने काहीतरी म्हणाला. ताईंनी डोळे मिटले. ते जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले. मग म्हणाल्या, "तांदूळ इथलाच. आणि लसूण कोवळी आहे, म्हणतो."

परतताना स्टेशनवर त्यांनी माझा दंड धरला. "मीनल, मी आज खोटं बोलले." नुसत्या भाज्या कोरड्या लागतील, पाहुण्याला चव यावी, म्हणून आचाऱ्याने आपल्याकडची उत्तमातली गाईची चरबी घालून सगळं परतलं होतं. मांस नको म्हटलं होतं, चरबी नको असं कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, त्यांना कळलं नाही ना, मग सोडून द्या. ताई चिडल्या. "कळलं नाही म्हणून पोटात गेलं नाही का? पण निशिदा-सान, तो म्हातारा, असा बसला होता गं समोर. त्याच्या तोंडावर कसं सांगू?"

त्या दिवसापासून ताईंचं खाणं कमी झालं. फडके मात्र येता-जाता त्या भाताचं कौतुक करत. मुलांना सुट्टी लागली, त्यांची बायको टोकियोला यायची ठरली, तेव्हा ते हौसेने ताईंच्या टेबलाशी आले. "ताई, तिथे दोघांचं बुकिंग करून द्याल का? मालतीला तो भात खाऊ घालायचाय."

रविवारी ताईंनी फडक्यांना घरी चहाला बोलावलं. एकटीला धीर होईना म्हणून मलाही. त्यांनी सरळ सांगून टाकलं, स्वतःची बाजू न मांडता. फडक्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "निशिदा-सानना माहीत आहे?"

"नाही."

"त्यांना कधी कळू देऊ नका. त्यांनी मनापासून केलं होतं." ते उठले, दाराशी थांबले. "ताई, पोटात गेलं त्याचं मी काय ते बघेन. पण आता तुम्ही काही सांगितलंत की मला वाटणार, यातलं काय गाळलं असेल?"

आणि तसंच झालं. मीटिंगमध्ये ताई बोलल्या की फडके हळूच माझ्याकडे वळायचे, "असंच म्हणाले ना?" एव्हाना मला जपानी समजू लागलं होतं. मी मान हलवायची आणि ताईंकडे बघायचं टाळायची. त्या सगळं ऐकत असायच्या. थोड्याच दिवसांत त्यांनी पुण्याला परत जायचं ठरवलं.

निरोपाचं जेवण निशिदा-साननी त्याच स्टेकहाउसमध्ये ठेवलं. तोच ओटा, तोच आचारी, फडक्यांसाठी तोच भात. फडक्यांनी ताटलीला हात लावला नाही. आचाऱ्याचा चेहरा उतरला. निशिदा-साननी हलक्या आवाजात विचारलं, काही कमी पडलं का? "पोट बरं नाही म्हणून सांगा," फडके म्हणाले. "आणि ताई, मी म्हणतोय तेवढंच सांगा."

ताईंनी डोळे मिटले. त्या जपानीत बोलू लागल्या आणि बोलतच राहिल्या. 'पोट बरं नाही' याला इतके शब्द लागत नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, मागच्या खोट्यासकट, आणि शेवटी म्हणाल्या की चूक माझी आहे.

आचाऱ्याने हातातलं उलथनं खाली ठेवलं. निशिदा-सान खुर्चीवरून उठले आणि फडक्यांसमोर कमरेतून वाकले, तसेच वाकून राहिले. शेजारी त्यांची बायकोही वाकली. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली. "अहो, उठा, उठा," फडके मराठीतच म्हणत त्यांचे खांदे धरून त्यांना सरळ करू पाहत होते. ते कुणी जपानीत सांगितलं नाही. मलाही सुचलं नाही.

त्यानंतर निशिदा-साननी कुणालाही जेवायला बोलावलं नाही. ऑफिसात समोरासमोर आले की ते फडक्यांपुढे इतरांपेक्षा खोल झुकायचे, म्हणून फडके जिन्याने जायला लागले. दर डिसेंबरात त्यांच्याकडून फडक्यांना माफीची ओळ लिहिलेली सफरचंदांची पेटी यायची. फडके ती आम्हाला वाटून टाकायचे. स्वतः एकही खायचे नाहीत. एका डिसेंबरात पेटी आली नाही. निशिदा-सान गेल्याचं आम्हाला नंतर समजलं.

पुण्याला गेले तेव्हा ताईंना मी ते सांगितलं. पेट्यांचंही, जे त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ताई, शेवटी तुम्ही खरंच तर सांगितलंत.

"फडके पोट बरं नाही म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तेवढंच सांगायचं होतं. पहिल्यांदा खोटं बोलले ते त्या म्हाताऱ्यासाठी. दुसऱ्यांदा खरं बोलले ते मला हलकं वाटावं म्हणून. आणि वाटलं गं, मीनल. त्या दिवशी मी पोटभर जेवले."